एका दमात संपणारी नावं

आमच्या घरात मुलग्यांची नावं एका दमात संपत. थोरला राम, त्याच्या पाठचा ओम. हाक मारायला तोंड उघडावं, तोवर नाव संपलेलं. मी दोघांहून मोठी, उषा. माझं नाव त्यांच्यापेक्षा जरा ऐसपैस आहे याचा मला लहानपणी गर्वच होता. शेजारची गिरजाकाकू भांडी घासता घासता कुंपणावरून आईला विचारायची, "काहून वं, तुमच्या घरी नावंबी रेशनवर भेटतात का? जरा मोठी ठेवत जा ना!" आई हसून विषय टाळायची. मला मात्र ही थट्टा लागायची. शाळेत हजेरीला ज्ञानेश्वर, पांडुरंग, रामकृष्ण अशी भरल्या ताटासारखी नावं पुकारली जात आणि माझ्या भावाची पाळी आली की मास्तर नुसते खाकरल्यासारखे वाटत. आमच्यात काहीतरी कमी आहे म्हणून आमच्या वाट्याला एवढीशी नावं येतात, अशी मी मनाशी समजूत करून घेतली होती.

आमचं गाव मारेगावच्या पुढे, काळ्या जमिनीत वसलेलं. मातीच्या भिंतींच्या तीन खोल्या, मागे गुरांचा कोठा आणि कोठ्याला लागून शेवग्याचं एक वाकडं झाड. दिवाळीनंतर मधली खोली कापसानं आढ्यापर्यंत भरायची आणि आम्ही सगळे उरलेल्या दोन खोल्यांत अंग चोरून राहायचो. कापसाला एक कोरडा, उबदार वास असतो. त्यात चुलीवरच्या ज्वारीच्या भाकरीचा वास मिसळला की ते घर मला आजही डोळे मिटून दिसतं. आई अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून शिजवायची आणि वरून लसणाची फोडणी अशी ओतायची की चर्र आवाज कोठ्यापर्यंत जायचा. तो ऐकून बैलसुद्धा माना वळवतात, असं ओम म्हणायचा. घरात आवाजांना तोटा नव्हता. आईच्या बांगड्या, उखळात कुटलं जाणारं तिखट, दोघा भावांची मारामारी, गिरजाकाकूची टकळी. या सगळ्यात सर्वांत कमी आवाज बाबांचा होता.

बाबांची जीभ अडखळत असे. अडखळत असे म्हणजे काय, हे ज्याने जवळून पाहिलं त्यालाच कळेल. काही शब्द त्यांच्या तोंडून सहज यायचे. काही शब्दांपाशी मात्र ते दार लागल्यासारखे थांबायचे. पाटील, बाजार, पाणी असा शब्द आला की त्यांचे ओठ घट्ट मिटायचे आणि उघडायचेच नाहीत. डोळे बंद व्हायचे, मान एका बाजूला ओढली जायची, कपाळावरची शीर फुगायची. समोरचा माणूस भला असेल तर तो खाली बघायचा. नसेल तर शब्द त्यांच्या तोंडातून काढून घेऊन स्वतःच बोलून टाकायचा, आणि ते बाबांना जास्त लागायचं. चार माणसांत तर ते बोलतच नसत. पण बैलांशी बोलताना त्यांची जीभ कुठंच अडत नसे. वावरात औत धरलं की त्यांचं बोलणं ऐकत राहावं. बैलांना ते रागवायचे, समजवायचे, गावातल्या गोष्टी सांगायचे, पावसापाण्याचा अंदाज विचारायचे. मला वाटे की बाबांना माणसं आवडत नसावीत, बैल आवडत असावेत. लहान मुलं जे दिसतं त्यावरून आपापले निकाल लावून मोकळी होतात. मी तर फारच लवकर मोकळी व्हायची.

मी दहा वर्षांची असताना आईला तिसरा मुलगा झाला. तो धोंड्याचा महिना होता. पंचांगात तीन वर्षांनी जो एक जास्तीचा महिना येतो, तो. बाळ गोरं, टपोऱ्या डोळ्यांचं होतं आणि रडायला बसलं की गिरजाकाकूचं बोलणंही ऐकू येत नसे. आमच्याकडे मुलाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. आई-बाप मनात नाव योजतात, आत्याला सांगतात, पण बाळाच्या कानात ते कुर्र करून सांगते ती आत्याच. एकदा तिनं ते कानात सांगितलं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले की मग ते नाव बदलत नाही. बदललं तर बाळाला बाधतं, असा समज. आमची आत्या मुकुटबनला दिलेली. बारशाच्या दिवशी ती बैलबंडीतून उतरली तीच हसत आणि घाईत, कारण तिला संध्याकाळच्या आत परतायचं होतं.

त्या सकाळी बाबांनी मला विहिरीवर गाठलं. अंगणात बायका जमायला लागल्या होत्या आणि त्या घोळक्यात शिरून बहिणीशी बोलणं त्यांच्यानं होणार नव्हतं. पाण्याची घागर त्यांनीच माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "आत्याले सांगजो. ईश." एकदा म्हणून त्यांचं समाधान झालं नाही. "ईश," ते पुन्हा म्हणाले आणि हसले. तो शब्द त्यांच्या तोंडातून इतका अलगद आला होता की तेवढ्यासाठीच त्यांनी तो दुसऱ्यांदा म्हटला असावा. हे आता कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की राम, ओम आणि आता ईश. म्हणजे पुन्हा रेशन.

विहिरीपासून घरापर्यंतचा रस्ता फार मोठा नव्हता. तेवढ्यात मी ठरवून टाकलं. मास्तरांनी त्याच आठवड्यात आम्हाला सांगितलं होतं की धोंड्याच्या महिन्याचं खरं नाव पुरुषोत्तम मास. काय शब्द होता तो! तोंडात मावत नव्हता. आत्यानं मला जवळ ओढून विचारलं, "सांग वं, तुह्या बाबानं कोणतं नाव धाडलं?" मी म्हटलं, "पुरुषोत्तम." आत्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "असं? बरं झालं बाप्पा, या खेपेले तरी मोठं नाव सुचलं त्याले." तिला वाटलं, भावाची जीभ सुधारली. पाळणा हलला, आत्या बाळाच्या कानाशी वाकली, कुर्र झालं, धपाटे पडले, घुगऱ्या वाटल्या गेल्या. बाहेर ओट्यावर पुरुष बसले होते. कोणीतरी जाऊन नाव सांगितलं. मी दाराआडून पाहत होते. बाबांनी नाव ऐकलं आणि मान हलवली. ते काही बोलले नाहीत. कोणाला काही वाटलंही नाही, कारण ते कधीच काही बोलत नसत.

आत्या गेल्यावर आईनं मला जवळ बोलावलं. ती अजून बाळंतिणीच्या खाटेवर होती. "तू सांगतलं व्हय हे नाव?" तिनं विचारलं. मी रडायला लागले. ती रागावली नाही, मारलंही नाही. हळूच म्हणाली, "अवो पोरी, तुह्या बाबाच्या तोंडातून निंगते असंच नाव आमी पाहत आलो. लग्नात माह्यं पार्वतीचं रमा केलं ते कायले, तुले काय वाटलं? त्यायले माह्यं नाव घेता येत नव्हतं म्हून. आता या लेकराले ते कसे बोलावतीन?" मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आमच्या घरातली नावं आखूड का होती. ती कमी नव्हती. ती बापाला पेलतील एवढीच बेतलेली होती.

नाव बदला, ईश म्हणा, असं मी आईला सुचवलं. आईनं बाबांना विचारलंही. बाबांनी मान हलवून नाही म्हटलं. आत्याचं मन मोडायचं नव्हतं आणि लेकराला बाधेल ही भीती त्यांनाही होती. मी खोटं बोलले हे आईनं त्यांना सांगितलं की नाही, मला कधीच कळलं नाही. ते माझ्याशी पूर्वीसारखेच वागले. त्यामुळे मला बरं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही.

पुरुषोत्तम मोठा होऊ लागला. आम्ही त्याला पुरु म्हणायचो, आई पुरुबाळ म्हणायची. बाबा त्याला "ए" म्हणत. दुसरं काही त्यांना म्हणता येत नव्हतं. पुरु म्हणायचं तरी पहिलं अक्षर तेच, जिथं त्यांचे ओठ चिकटत. बाळ, बेटा, बापू, सगळ्यांची तीच गत. रामला "राम" अशी हाक, ओमला "ओम" आणि धाकट्याला "ए". मला नकोशी झालेली ती आखूड नावं, आणि माझ्या करणीनं आमच्या घरातलं सगळ्यात आखूड नाव त्यालाच मिळालं. मूल लहान असेतो त्याला याचं काही वाटत नाही. पाच-सहा वर्षांचा झाल्यावर त्याला वाटू लागलं. "मलेच काहून ए म्हणते बाबा?" तो विचारायचा. आई सांगायची, "त्यायची जीभ अटकते बाळा, पहिल्या अक्षराले." ते त्याला पटायचं. पुढे पटेनासं झालं, त्याचंही कारण आहे.

त्या वर्षी आमच्या गाईला गोऱ्हा झाला. एके दुपारी मी वावरात भाकर घेऊन गेले होते. तुरी उभ्या होत्या आणि त्यांच्या पलीकडून बाबांचा आवाज येत होता. "पुरुषोत्तमा, असा कडेकडेनं नको जाऊ रे. पुरुषोत्तमा, ये, पाणी पे." मी जागच्या जागी थांबले. इतकं लांबलचक नाव, एकदाही न अडखळता, दोनदा. वाटलं, धाकटा आला असेल वावरात. पुढे होऊन पाहिलं तर बाबा उकिडवे बसलेले आणि समोर ते गोऱ्हं, मान तिरकी करून त्यांचा हात चाटत. मला पाहताच बाबा ओशाळले. मग बऱ्याच वेळानं, शब्दाशब्दाला थांबत त्यांनी मला सांगितलं की जनावरापुढे जीभ अटकत नाही, म्हणून ते रोज त्याच्यापुढे नाव घेतात. रोज घेतलं की जिभेला वळण लागेल. मग एक दिवस घरी जाऊन खऱ्या पुरुषोत्तमाला तशीच हाक मारायची. "सां... सांगू नको त्याले," ते म्हणाले. "मीच म्हणीन." मी भाकरीचं फडकं सोडलं, जवसाची चटणी त्यांच्यापुढे ठेवली आणि तुरीच्या ओळींकडे बघत बसले. माझ्या एका खोट्यापायी माझा बाप गोऱ्ह्याला गुरू करून बसला होता.

आजकाल लोक नावं फार सहज ठेवतात. माझ्या सुनेच्या मोबाइलवर मुलांच्या आखूड नावांची भलीमोठी यादी आहे. नाव म्हणायला सोपं हवं, परदेशातल्या माणसालाही घेता यायला हवं, असं ती म्हणते. मी ऐकून घेते. ती चुकीचं बोलत नाही. घेता येईल असंच नाव असावं, फक्त कुणाला घेता यावं हा ज्याचा त्याचा प्रश्न.

गोऱ्ह्याची गोष्ट लपून राहिली नाही. काही महिन्यांनी पुरु एकदा कोठ्यातून धावत आला तो थेट माझ्याकडे. चेहरा लालबुंद. "बाई," तो मला बाई म्हणतो, "बाबा गोऱ्ह्याले माह्या नावानं बोलावून राह्यले. पूर्ण नाव. जीभ काही अटकली नाई. तुमी सगळे खोटं बोलता." मी काय म्हणायला हवं होतं, हे मला त्या क्षणीही माहीत होतं. पण बाबांनी सांगू नको म्हटलं होतं. आणि खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. गोऱ्ह्याचं सांगितलं तर नावाचं सांगावं लागलं असतं, नावाचं सांगितलं तर विहिरीवरचं. मी म्हटलं, "भास झाला असंन तुले." त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो निघून गेला. जनावराला आपलं नाव देऊन बाप आपली टिंगल करतो, अशी त्या लेकराची समजूत झाली आणि ती खोडून काढायला घरात कोणीही नव्हतं, मी सोडून.

तो आठ वर्षांचा असताना माझं लग्न ठरलं. बांगड्या भरायला म्हणून बाबा मला आणि पुरुला घेऊन तालुक्याच्या जत्रेला गेले. बंडी झाडाखाली सोडली, बैलांना कडबा टाकला आणि आम्ही तिघं गर्दीत शिरलो. जत्रेत रेवड्यांचे ढीग, भज्यांच्या कढया, पाळण्यात बसलेल्या पोरींच्या किंकाळ्या, आणि या सगळ्यावर कर्ण्यातून येणारा एका माणसाचा घोगरा आवाज. त्या वर्षी पोरं पळवणारे लोक फिरताहेत अशी आवई उठली होती. कर्ण्यातून सारखं सांगत होते, लेकरं सांभाळा, अनोळखी माणसाच्या हाती देऊ नका. मी कासाराच्या दुकानात बसले. बाबा पुरुचा हात धरून बाहेर उभे होते. माझा एक हात भरून झाला, दुसऱ्यात चार बांगड्या चढल्या, आणि वर पाहते तर बाहेर दोघंही नव्हते.

पुरु हात सोडवून कुस्तीच्या फडाकडे पळाला होता आणि तिथून हरवलेल्या मुलांच्या मंडपात पोहोचला होता. हे मला कर्ण्यातून कळलं. "पुरुषोत्तम नावाचा मुलगा, वय अंदाजे आठ." मी अर्ध्या भरलेल्या हातानं धावत सुटले. तेवढ्या वेळात मंडपात जे झालं ते मला नंतर तिथल्या एका म्हातारीनं सांगितलं. बाबा माझ्याआधी पोहोचले होते. खांद्यावर पिवळा फडका बांधलेल्या एका तरुणानं त्यांना विचारलं, "पोराचं नाव सांगा, मंग घेऊन जा." नियमच तसा होता. बाबांचे ओठ मिटले. डोळे मिटले, मान वाकडी झाली. तो तरुण म्हणाला, "दारू पेला का बे?" मागून कोणी म्हणालं, "बापाले पोराचं नाव येत नाई? धरा याले." बाबा हातांनी पोराकडे खुणा करत होते. मग त्या तरुणानं पुरुला विचारलं, "काय रे, हे तुहे बाबा हायेत का?"

पुरुनं बाबांकडे पाहिलं. म्हातारी म्हणाली, चांगलं टक लावून पाहिलं त्यानं. बापानं एवढं एकदा तरी आपलं नाव घ्यावं म्हणून तो वाट पाहत होता, असं मी मानते. बाबांना ते घेता आलं नाही. आणि तो म्हणाला, "नाई."

मी मंडपात शिरले तेव्हा बाबा खाली बसलेले होते. टोपी दूर पडली होती, सदऱ्याची बाही उसवली होती आणि गालावर बोटं उमटली होती. मी ओरडले, "बाबा हायेत ते आमचे! जीभ अटकते त्यायची!" त्या तरुणानं टोपी उचलली, झटकली आणि दोन्ही हातांनी बाबांपुढे धरली. "माफ करजा, काका," तो म्हणाला, आणि तो खरंच रडवेला झाला होता. बाबांनी टोपी घातली, उठले आणि पुरुचा हात धरला. पुरु रडत नव्हता. बाबाही नाही. परतीच्या वाटेवर बंडीत बाबांनी खिशातून रेवड्यांचा पुडा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं तो तसाच राहू दिला. मी मधे बसले होते. एका बाजूला बाप, एका बाजूला भाऊ, आणि ज्या गोष्टीनं हे सगळं झालं ती माझ्या तोंडात. मी ती गिळून टाकली.

त्यानंतर बाबांना बैलांशीही बोलताना मी ऐकलं नाही. लग्न होईपर्यंतचे दोन महिने मी मुद्दाम वावरात जायची, तुरीच्या तोडलेल्या धसकटांमधून हळू पाय टाकत. औत चालायचं, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजायच्या, बाबा जिभेनं टक्‌टक् करायचे आणि दोरी हलवायचे. बस. गोऱ्हं त्यांच्या मागेमागे फिरायचं, त्यालाही हाक नाही. जगात एकच जागा होती जिथं माझे बाबा मनमोकळं बोलायचे. जत्रेत ती गेली.

मी यवतमाळला आले, पुढे शिकले आणि शाळेत शिकवायला लागले. हजेरी घेताना मी प्रत्येक मुलाचं पूर्ण नाव घ्यायची. इतर बाई हसायच्या. पुरु सोळाव्या वर्षी घर सोडून माझ्याकडे आला आणि लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लागला. पुढे त्यानं वेगळी खोली केली. गावाला तो सणालासुद्धा जात नसे. आईला पत्र लिहायचा, त्यात बाबांचा उल्लेख नसायचा.

बाबा आजारी पडले, शेवटचे आहेत असा निरोप आला, तेव्हा मी त्याच्या खोलीवर गेले. तो स्टोव्हवर वरण करत होता. "चाल," मी म्हटलं. तो म्हणाला, "मले कायले? त्यायचे दोन पोट्टे हायेत ना जवळ." मी म्हटलं, "असं बोलू नको रे." तो म्हणाला, "त्यायनं मले कधी नावानं हाक मारली, बाई? एकदा तरी?" वरण उतू आलं, त्यानं झाकण काढलं. तेव्हा सांगायला हवं होतं. सगळे शब्द माझ्याजवळ होते, जीभ धड होती. पण मी शाळेतली बाई झाले होते, तो मला देवासारखं मानायचा, आणि तेवढं एक माझ्याजवळ राहावं असं मला वाटलं. मी एकटीच गावाला गेले. शेवटचे दोन दिवस बाबांचे ओठ दाबून मिटलेले होते. आईला वाटलं दातखीळ बसली. ती चमच्यानं ओठ उघडू पाहायची. मी तिला थांबवलं. ते ओठ कोणत्या अक्षरापाशी अडले आहेत हे मला माहीत होतं. बाबा गेल्यावर पुरु तिसऱ्या दिवशी आला, केस उतरवले, जेवला आणि परत गेला.

आता आई नाही, राम नाही. गेल्या उन्हाळ्यात माझ्या नातवाला पाहायला पुरु आला होता. साठीला टेकलाय, कानानं कमी ऐकतो. सून वाढत होती. ती सहज म्हणाली, "मामा, तुमचं नाव एवढं मोठं कोणी ठेवलं हो?" तो हसला. "आत्यानं. आमच्यात आत्याच ठेवते." आणि माझ्या तोंडून निघालं, "आत्यानं नाही. मी ठेवलं." आत नातू रडायला लागला, सून उठून गेली. मग मी सगळं सांगितलं. विहिरीवरचं, ईशचं, आई काय म्हणाली ते, आणि गोऱ्हा. बाबा रोज त्याच्यापुढे का बसायचे ते. जोरात बोलावं लागत होतं, कारण त्याला नीट ऐकू येत नाही. हे मला फार लाजिरवाणं वाटलं, की एवढी वर्षं दडवलेली गोष्ट मी ओरडून सांगत होते.

तो ऐकत होता. हात भातात तसाच होता. मला वाटलं रडेल, मला वाटलं शिव्या देईल, आणि दोन्हींसाठी मी तयार होते. मी म्हटलं, "पुरु, माफ कर रे मले."

"मी त्यायले पाणीबी पाजलं नाई, बाई," तो म्हणाला. मग ताट हळूच पुढे सरकवलं. "आता कायले सांगतलं? आतापरेंत निदान राग तरी होता माह्यापाशी. तोबी नेला तू."